पॉलिश पेपर मारायच्या आधी: पिनबॉल कॅबिनेटबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्लेफिल्ड, म्हणजे काचेखालचा खेळायचा फळा, कसा साफ करायचा ते लिहिलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बरीचशी कॅबिनेटबद्दलच, म्हणजे मशीनच्या लाकडी पेटीबद्दलच निघाली. साहजिक आहे, मशीन बंद असलं तरी कॅबिनेट रोज डोळ्यासमोर असतं आणि त्याचे उडालेले टवके रोज दिसतात. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं थोडी आवरती घेतलीत, बाकी जसं विचारलं तसंच.

प्रश्न: साठच्या दशकातलं गॉटलीब कंपनीचं इलेक्ट्रो-मेकॅनिकल (रिले आणि मोटरवर चालणारं) मशीन नुकतंच हाताला लागलं. खेळतं व्यवस्थित. पण दोन्ही बाजूंचा रंग फिका पडलाय, पुढच्या कोपऱ्यांचे टवके उडालेत, उजव्या बाजूला हातभर ओरखडा आहे. ग्रुपमधले मित्र म्हणतात सगळं घासून काढ आणि नव्याने रंगव, एकजण मात्र म्हणतो हात लावू नकोस. काय करू?

उत्तर: मी त्या एकट्या मित्राच्या बाजूने आहे, फक्त "हात लावू नकोस" इतकं कडक नाही म्हणणार. मशीन खेळतंय, मूळ रंग फिका का होईना पण जागेवर आहे, नक्षी पूर्ण कळतेय, म्हणजे घासून काढावं असं काही झालेलंच नाही. मूळ रंग एकदा घासला की गेला, तो परत आणायची सोय नाही, आणि नवीन रंग काय दहा वर्षांनीही देता येईल, त्याची घाई कशाला करायची.

हा रंग मुळात कसा दिला जायचा ते माहीत असलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते. त्या काळातली बहुतेक मशीनं शिकागोत बनायची, गॉटलीब, विल्यम्स, बॅली, शिकागो कॉइन सगळे तिथलेच, आणि पद्धत सगळ्यांची साधारण सारखी: आधी पूर्ण पेटीवर फिका बेस फवारायचा, बहुतेकदा पांढरा किंवा क्रीमकडे झुकणारा, मग कापलेलं स्टेन्सिल त्यावर धरून एक रंग, मग दुसरं स्टेन्सिल आणि दुसरा रंग, की झालं. काम भराभर चालायचं, स्टेन्सिल लाकडाला पूर्ण चिकटून बसायचं नाही, म्हणून रंगाच्या कडेबाहेर बारीक धुकं उतरलेलं दिसतं, कुठे दोन रंग एकमेकांवर चढतात, कुठे मध्ये पांढरी फट राहते. तुमच्या मशीनवर भिंग धरून बघा, हे सगळं सापडेल. आज आपण कितीही मेहनतीने रंगवलं तरी त्या माणसाचा तो वेगातला हात आपल्याला येत नाही, म्हणून तो जिथे शिल्लक आहे तिथे मी जीव तोडून सांगतो की ठेवा.

आता करायचं काय. प्लग काढा, कोमट पाण्यात दोन थेंब साबण, कापड पिळून जवळजवळ कोरडं करा, आणि आधी हेडच्या (वर उभ्या असलेल्या स्कोअरच्या पेटीच्या) मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पुसून बघा की कापडावर मळ येतोय का रंग येतोय. पिवळट तपकिरी मळ आला तर तो बहुतेक सिगारेटच्या धुराचा, ही मशीनं वर्षानुवर्षं बारमध्ये आणि आर्केडमध्ये उभी होती. रंगच यायला लागला तर तिथेच थांबा, मग फक्त कोरड्या मऊ कापडाने धूळ काढा आणि सोडून द्या. जुन्या मेणाचा आणि चिकटपट्टीच्या गोंदाचा चिकटा नॅफ्थाने (हे एक पेट्रोलियम सॉल्व्हंट) जातो, तेही आधी लपलेल्या जागी बघून. शेवटी कारनौबा मेणाचा पातळ हात, आणि तुम्ही ज्याला फिका पडलेला रंग म्हणताय त्यातला बराचसा नुसता मळ होता असं निघण्याची शक्यता खूप आहे.

टवक्यांसाठी उघड्या लाकडावर आधी पातळ क्लिअरचा (पारदर्शक, बिनरंगी थराचा) एक हात द्या, म्हणजे तुमचा रंग लाकडात मुरत नाही आणि उद्या कुणाला काढावासा वाटला तर काढता येतो, आणि त्यावर बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंग, फक्त उघड्या जागेत, शेजारच्या मूळ रंगावर जराही चढू द्यायचा नाही. ओरखड्याचंही तेच. दोन मीटर मागे जाऊन उभे राहा, डोळा तिथे अडखळला नाही की काम झालं, जवळ गेल्यावर दुरुस्ती दिसली तर दिसू दे.

प्रश्न: माझं मशीन मागच्या मालकाने पूर्ण काळं रंगवून टाकलंय. खाली मूळ नक्षी असेल का? आणि नसेल तर नवीन स्टेन्सिलसाठी नक्षी आणायची कुठून?

उत्तर: बऱ्याचदा असते. रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च कॅबिनेटच्या बाजूला जवळजवळ टेकवून आडवा धरा, उजेड लाकडावरून सरपटत गेला पाहिजे. स्टेन्सिलने दिलेल्या रंगाला जाडी असते, कागदाएवढी का होईना, आणि वरून काळ्याचे दोन हात मारले तरी ती कड पायरीसारखी बारीक सावली टाकते. मी एका हेडवर असा टॉर्च धरला होता तेव्हा सपाट काळ्यात आधी एक तिरकी रेघ उठली, मग तिला समांतर दुसरी, टॉर्च वर सरकवला तशी एका चांदणीची तीन टोकं दिसली, चौथ्याच्या जागी कुणीतरी पूर्वी जोरात पेपर मारलेला होता आणि तिथे काहीच नव्हतं. पुढचा तासभर मी पांढऱ्या खडूने त्या कडा गिरवत होतो आणि दिवा लावला तेव्हा त्या मशीनचं नाव मला नक्षीवरूनच कळलं.

वरचा थर निघेल की नाही हे तो कुठला रंग आहे त्यावर. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कोपऱ्यात अर्धा मिनिट धरा, काळा रंग मऊ पडून बोळ्यावर आला तर तो पाण्यात मिसळणारा घरगुती रंग आहे आणि तुमचं नशीब चांगलं आहे, कारण खालचा जुना तेलाचा रंग सहसा अल्कोहोलला इतक्या लवकर दाद देत नाही. मग तळहाताएवढा एकेक तुकडा घ्यायचा, ओला करायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीने काळा रंग ढकलत काढायचा, लगेच पुसायचं. खूप वेळखाऊ काम आहे, एका बाजूला कित्येक संध्याकाळी जातात, पण खालून लाल-निळं वर यायला लागलं की उठवत नाही. वरचा रंगही तेलाचाच असेल तर मात्र जे वरचा काढेल ते खालचाही काढेल, तिथे मूळ वाचवायचा हट्ट सोडून नक्षी वाचवा.

नक्षी वाचवायची म्हणजे पेपरचा पहिला हात मारायच्या आधी ती उतरवून घ्यायची, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर वर्षी कुणीतरी आधी घासतो आणि मग विचारतो. साइड रेल (बाजूच्या वरच्या कडेवरची धातूची पट्टी), हेडची बिजागरी, कॉइन डोअरची (नाणी टाकायच्या दाराची) चौकट, पाय, सगळं काढा, कारण आधीच्या रंगवणाऱ्याने हे काही काढलेलं नसतं आणि त्याखाली मूळ रंगाच्या पट्ट्या तशाच्या तशा असतात, नक्षीची रेघ रेलखाली कुठे संपते तेही तिथेच कळतं. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड कागद पूर्ण बाजूवर ताणून चिकटवा, पायांच्या बोल्टची भोकं आणि पुढची उभी कड त्यावर आधी आखा, म्हणजे नंतर तो कागद बरोबर त्याच जागी परत बसतो, आणि मग बारीक मार्करने सगळ्या कडा गिरवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या गिरवा, डावी उलटी केली की उजवी मिळेल असं धरून चालू नका, कधी ती तशी असते कधी नसते, आणि एका बाजूला जे घासून गेलंय ते दुसऱ्या बाजूला अनेकदा टिकलेलं असतं. फोटो लांब उभं राहून झूम करून काढा, कॅमेरा बाजूच्या बरोबर मधोमध आणि मोजपट्टी फोटोत आली पाहिजे, जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत सरळ रेघा फुगतात आणि त्यावरून कापलेलं स्टेन्सिल कडांना चुकतं.

जे कुठेच सापडत नाही त्यासाठी तेच मॉडेल असलेला दुसरा छंदिष्ट शोधा आणि त्याच्याकडे गिरवलेला कागद मागा. या छंदातली माणसं याबाबतीत फार मोकळी आहेत, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, फक्त तुमचा कागद तयार झाला की तुम्हीही तो पुढे द्या.

प्रश्न: विनाइलचं स्टेन्सिल कापून घेतलं, नीट चिकटवलं, रंग मारला आणि काढल्यावर कडेखालून रंग आत शिरलेला, शिवाय दोन ठिकाणी कड दातेरी तुटली आणि एके ठिकाणी विनाइलबरोबर बेसचा पांढरा रंगच उपटून आला. कुठे चुकलं?

उत्तर: तीन वेगळ्या गोष्टी झाल्यात, एकेक घेऊ.

पांढरा उपटून आला कारण बेस वाळला होता पण पिकला नव्हता. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतपर्यंत कडक होणं वेगळं, एनॅमलला पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात आणि थंड किंवा दमट हवेत त्याहून जास्त. नखाने एका लपलेल्या कोपऱ्यात दाबून बघा, वळ उठला तर विनाइल लावायची वेळ आलेली नाही. वास येत असेल तरी नाही. विनाइलही कमी चिकट घ्या, रंगकामाच्या मास्किंगसाठी वेगळं मिळतं ते, पाट्या बनवायचं विनाइल कायमचं चिकटण्यासाठीच केलेलं असतं.

कडेखालून रंग शिरला त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा की स्टेन्सिल लावल्यावर वरचा रंग मारायच्या आधी त्याच कडांवर बेसचाच रंग एकदा हलका फवारायचा. जे काही शिरायचं ते आता पांढऱ्यावर पांढरं शिरतं, कुणाला दिसत नाही, फट बुजते, आणि मग मारलेल्या लाल-निळ्याला आत जायला वाटच उरत नाही. त्यानंतरचा रंगही एका दमात भरायचा नाही. पहिला हात इतका पातळ की खालचं पांढरं आरपार दिसलं पाहिजे, मग दुसरा, मग तिसरा, आणि फवारा कायम सरळ समोरून, कारण तिरका मारला की तो कडेखाली हवा ढकलतो आणि तिच्याबरोबर रंग आत जातो. दोन हातांमधल्या वेळेबद्दल डब्यावर लिहिलेलं पाळा, अनेक एनॅमल कॅनवर एका तासाच्या आत किंवा थेट ४८ तासांनंतर असं असतं आणि ते गमतीत लिहिलेलं नाही, मधल्या काळात मारलात तर खालचा अर्धवट थर उचलून सुरकुत्या पडतात. एनॅमलवर लॅकर तर कधीच नको, तिथे हमखास सुरकुततं.

दातेरी कड ही रंग पूर्ण वाळल्यावर विनाइल काढल्यामुळे. माझ्याही बाबतीत हे झालंय, पूर्ण डावी बाजू सुंदर आली होती, म्हटलं रात्रभर राहू दे, सकाळी काढलं तर रंगाचा पापुद्रा विनाइल आणि लाकूड असा दोन्हींना धरून बसलेला आणि प्रत्येक वळणावर तो मनाला येईल तसा तुटला, ती बाजू मी पूर्ण परत केली. शेवटचा हात मारल्यावर रंग ओघळणार नाही इतका बसला पण अजून मऊ आहे, साधारण दहा-पंधरा मिनिटं, तेव्हाच काढायचं, आणि ओढायचं ते स्वतःवरच दुमडून, अगदी सपाट, वर उचलून नाही. मोठं स्टेन्सिल असेल तर दुसरा माणूस लागतोच, एकाने ओढायचं आणि एकाने सुटलेलं विनाइल ओल्या रंगावर पडू न देता धरायचं.

आणि एक, तुमचं मशीन साठ-सत्तरच्या दशकातलं असेल तर ब्लेडने कापल्यासारखी कड त्याला मुळात नव्हतीच. काही जण मुद्दाम स्टेन्सिल जाड पुठ्ठ्याचं करून लाकडापासून जरासं उचलून धरतात, कडेला ते हलकं धुकं यावं म्हणून. मी स्वतः दोन्ही करून बघितलंय आणि जुन्या मशीनला धुकंच शोभतं असं माझं ठाम मत झालंय.

प्रश्न: रंग जुळवायचा कशाशी? बाजूचा लाल आता विटकरी झालाय, मूळ कसा होता कसं कळणार?

उत्तर: हेडची बिजागरी काढा. चार स्क्रू सुटले आणि पत्रा उचलला की त्याच्या आकाराचा एक तुकडा दिसतो, बाहेर विटकरी आणि आत असा लाल की तो कारखान्यातून कालच आल्यासारखा, मधली सीमारेषा पत्र्याच्या कडेइतकी स्पष्ट. ऊन आणि हवा तिथे पोचलेली नसते. दुकानात रंग मोजायच्या यंत्राला वाचायला नाण्याएवढी सपाट जागा पुरते, कॉइन डोअरचा किंवा एखादा सुटा भाग नेता आला तर उत्तम. लाल सगळ्यात आधी उडतो, निळा आणि काळा त्या मानाने टिकतात, म्हणून तिन्ही रंगांचे असे लपलेले तुकडे शोधा, एक लाल बरोबर आला म्हणून बाकीचे डोळ्याने ठरवू नका.

पांढऱ्याबाबत सावध राहा. तेलाचा रंग अंधारात राहिला की उलट थोडा पिवळा होतो, म्हणजे पत्र्याखालचा पांढरा मूळपेक्षा जास्त पिवळट असू शकतो आणि बाहेरचा धुराने पिवळा झालेला असतो. पत्र्याखालच्या जागी अगदी हलका पॉलिशचा हात मारून मग बघा. पण दुकानातला शुभ्र पांढरा मात्र कधीच नको, जुन्या कॅबिनेटवर तो ट्यूबलाइटसारखा डोळ्यात जातो.

फक्त टवके भरणार असाल तर आजच्या विटलेल्या रंगाशी जुळवा, पूर्ण रंगवणार असाल तर बिजागरीखालच्या रंगाशी. अर्धं हे अर्धं ते केलं की पूर्ण मशीन ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

प्रश्न: पुढचा डावा कोपरा उघडलाय, बोट जाईल इतकी फट आहे, आणि खालच्या प्लायचे पदर सुटलेत. लांबी (पुट्टी) भरून रंगवलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि यात तडजोड नको. मशीनचा सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो, खेळताना आपण ते ढकलतो हलवतो ती सगळी ओढ पायाच्या बोल्टवरून त्याच सांध्यावर जाते, लांबी तिथे महिनाभरात फुटेल आणि वरचा नवा रंग घेऊन पडेल.

पाय काढून पेटी टेबलावर घ्या, दोघांनी उचला. कोपऱ्याच्या आत लाकडाचे ठोकळे चिकटवलेले असतात, ते बहुतेक सुटलेले सापडतील. फट अजून जराशी उघडा, जोर लावून नाही, पाचर हळूहळू सरकवत, आणि आतला जुना गोंद खरवडून काढा, कारण नवीन गोंद जुन्या वाळक्या गोंदाला धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. मग लाकडाचा गोंद दोन्ही अंगांना, क्लॅम्प लावा, आणि क्लॅम्प आवळायच्या आधी पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर पेटी काटकोनात आहे, नाही आले तर ती तशीच वाकडी चिकटेल आणि मग लॉकडाऊन बार (काच पुढून अडकवणारी धातूची पट्टी) बसताना रडवेल. एक पूर्ण दिवस क्लॅम्प काढू नका. ठोकळे नवीन करून चिकटवा आणि स्क्रूही द्या.

प्लायच्या पदरांत सिरिंजने गोंद सोडा, वर-खाली मेणकागद ठेवून दोन फळ्यांमध्ये दाबा. तुमचं प्लाय आहे हे बरंय. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे काही मशीनं पार्टिकल बोर्डची आली, तो बोर्ड पाणी पिऊन फुगला की परत बसत नाही, तिथे खराब भाग कापून प्लाय बसवणं हाच मार्ग. बारीक खड्ड्यांना दोन भाग मिसळायची पॉलिएस्टर लांबी ठीक आहे, पण पायाजवळच्या कडांना इपॉक्सी वापरा, पॉलिएस्टर तिथे ठिसूळ पडते आणि पायाचा पत्रा आवळला की तुकडा उडतो.

प्रश्न: जुन्या रंगात शिसं असतं असं ऐकलं, घरी घासणं कितपत सुरक्षित आहे? आणि आतलं सगळं सामान काढावंच लागेल का?

उत्तर: असू शकतं आणि ते गृहीत धरूनच चालावं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, तुमचं मशीन त्याआधीचं असेल तर चाचणीची कांडी लावून बघा आणि शंका असेल तर कोरडं घासूच नका. ओला पेपर वापरा, चिखल कागदाने पुसून पिशवीत बंद करा, तोंडावर साधं कापड नको तर पी१०० दर्जाचा मास्क, कपडे वेगळे धुवा, आणि लहान मुलं त्या खोलीत अजिबात येऊ देऊ नका. हीट गन वापरलीत तर कमी तापमानावर, रंग मऊ पडेल इतपतच, धूर निघेपर्यंत तापवला तर शिसं वाफेतून श्वासात जातं. आणि दोन भाग मिसळून फवारायचं चकचकीत टू-के क्लिअर घरी नकोच म्हणेन, त्यात आयसोसायनेट असतात आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधे फिल्टर पुरेसे धरू नका.

आतलं सामान, हो, सगळं काढायचं. प्लेफिल्ड, तळाचा फळा, ट्रान्सफॉर्मर, कॉइन डोअर, टिल्टचा (मशीन जास्त हलवलं की खेळ थांबवणारा) लोलक, सगळं. घासलेल्या रंगाची धूळ रिलेच्या आणि स्कोअर मोटरच्या कॉन्टॅक्टवर बसली की मग महिनोन्‌महिने कधी हा स्कोअर मोजत नाही कधी तो, आणि कारण सापडत नाही. प्रत्येक प्लग काढायच्या आधी फोटो आणि चिठ्ठी. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये पेटीच्या आतून विणलेली तांब्याची पट्टी स्टेपल केलेली असते, ती अर्थिंगची आहे, रंगकामात तुटली किंवा लावायची राहिली तर धातूच्या भागांना हात लावणं धोक्याचं होऊ शकतं, ती परत जोडली की मीटरने तपासूनच मशीन चालू करा.

आतली बाजू मात्र रंगवू नका. तिथे लाकडावर ठोकलेला सीरियल नंबर असतो, कुणी पेन्सिलने केलेल्या खुणा, तपासणीचे शिक्के, चिकटवलेला कागद. एका मशीनच्या आत मला पेन्सिलने लिहिलेला नंबर सापडला आणि तोच नंबर हेडच्या आतही होता, म्हणजे पेटी आणि हेड एकत्रच बाहेर पडले होते, हे कळायला दुसरा कुठलाच मार्ग नव्हता.

प्रश्न: शेवटी क्लिअरचा चकचकीत हात द्यावा का?

उत्तर: जुन्या स्टेन्सिलच्या मशीनला नको. मूळची झळाळी बेताची असायची, आरशासारखी पेटी केली की तो काळच निघून जातो. टिकाऊपणा हवा असेल तर सॅटिन क्लिअरचा एक पातळ हात.

प्रश्न: माझं मशीन नव्वदच्या दशकातलं आहे, त्यावर स्टेन्सिल नाही तर छापील डीकॅल (मोठं स्टिकर) आहे आणि ते उडालंय. तेही रंगवायचं का?

उत्तर: नाही, तिथे डीकॅलच बदलायचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टेन्सिलच्या जागी स्क्रीन प्रिंटिंग आलं आणि मग नव्वदीत पूर्ण छापील डीकॅल, त्यातले बारीक चेहरे आणि छटा फवाऱ्याने होणाऱ्या नाहीत. जुनं डीकॅल कोमट गरम करत सपाट ओढून काढा, गोंद नॅफ्थाने. खरं काम त्याच्या पुढे आहे: लाकडावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक स्क्रूचा उंचवटा डीकॅलमधून उठून दिसतो, म्हणून लांबी, प्रायमर, २२० नंबरचा पेपर, परत प्रायमर, मग ३२० आणि हात फिरवून बघा, डोळ्यापेक्षा तळहाताला लवकर कळतं. धुराचा किंवा ओलीचा वास मुरलेला असेल, जुनी शाई वर फुटत असेल तर शेलॅकचा प्रायमर मारा, तो दोन्ही अडवतो. डीकॅल लावताना साबणाचं पाणी शिंपडून लावता येतं का ते आधी विकणाऱ्याला विचारा, सगळी तशी नसतात.

प्रश्न: रंगकाम चाललंय तोवर बॅकग्लासच्या (हेडवरच्या चित्राच्या काचेच्या) मागच्या रंगाच्या पोपड्यांचं काय करू?

उत्तर: मागून पुसू नका, ओल्या कापडाने तर मुळीच नाही, एका फटक्यात चित्र कापडावर येतं. काढून उभा ठेवा, रंगकामापासून लांब. परत लावताना त्यामागचे ४४ नंबरचे दिवे काढून ४७ नंबरचे लावा, ४४ ला पाव अँपिअर लागतो आणि ४७ ला ०.१५, म्हणजे उष्णता कमी, आणि पोपडे सुटायला ही उष्णताच मुख्य कारण असते.

प्रश्न: सगळं झालं, रंग छान आलाय, आता पाय लावून उभं करायचं मन होतंय. किती दिवस थांबू?

उत्तर: तुमचं मन मला कळतं, पण निदान तीन-चार आठवडे पेटी तशीच टेबलावर राहू द्या. पायाचा पत्रा कोपऱ्यावर घट्ट आवळला जातो आणि ताजा रंग त्याखाली दबून पत्र्याला चिकटतो, मग कधी पाय काढलात की कोपऱ्याचा रंग पूर्ण सोलून येतो, हे मी दोन मित्रांच्या सुंदर कामांवर बघितलंय आणि दोन्ही वेळा फार वाईट वाटलं. थांबायच्या त्या आठवड्यांत साइड रेल पॉलिश करा, बोल्टचे आटे साफ करा, आतल्या बोल्टच्या प्लेटी सैल असतील तर बदला, आणि पेटीच्या आत, तळाशी, एका कागदावर रंगांचे कोड, तारीख आणि काय मूळ काय नवीन ते लिहून चिकटवा, पुढे ज्याच्याकडे मशीन जाईल त्याला ते लागणार आहे. पाय लावताना पाय आणि लाकडामध्ये फेल्टचा किंवा धातूचा रक्षक घाला, बोल्ट चारही थोडे थोडे आळीपाळीने आवळा, आणि मशीन सरकवायचं असेल तर दोघांनी उचलून ठेवा, ओढू नका.